आबांचा श्वास आणि मशीनचा आकडा

लखनऊ समुद्रसपाटीपासून जेमतेम १२० मीटर उंचीवर आहे. घराच्या गच्चीवरून चारी बाजूंना पाहिलं तरी एक टेकडीसुद्धा दिसत नाही. तरीही डोंगरात श्वास कसा घ्यायचा हे मी शिकलो ते लखनऊच्या कॅन्टोन्मेंटमधल्या क्वार्टरच्या व्हरांड्यात, मे महिन्यात, बाहेर लू वाहत असताना आणि मधोमध दशहरी आंब्यांची पाटी ठेवलेली असताना.

याचं कारण माझे बाबा. ते आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट आहेत आणि सध्या लखनऊच्या ए.एम.सी. सेंटरमध्ये शिकवतात. ‘सर्वे सन्तु निरामयाः’ हे त्या कोअरचं ब्रीदवाक्य. लखनऊ सपाट असलं तरी तिथल्या फौजी माणसाचं अर्धं बोलणं बर्फाबद्दल असतं. मध्य कमानचं मुख्यालय तिथे आहे आणि उत्तराखंडची सीमा त्या कमानीकडे येते. ११ गोरखा रायफल्सचं सेंटरही तिथलंच. परमवीर चक्र मिळालेले कॅप्टन मनोज कुमार पांडे लखनऊच्या सैनिक शाळेत शिकले, सियाचीनला राहून आले आणि ३ जुलै १९९९ रोजी बटालिक भागातल्या खालूबारवर लढताना शहीद झाले. त्यांचं नाव आता त्या शाळेला दिलं आहे. आपल्यासारख्याच मेसमध्ये जेवून, आपल्यासारखीच पी.टी. करून मोठा झालेला मुलगा एका सपाट शहरातून एवढ्या उंचीवर कसा पोचला असेल, असा विचार मी त्या शाळेवरून जाताना दर वेळी करतो.

आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे. आपण अजिंक्यतारा चढतो, सुट्टीत कुणी राजगडला जातं, कुणी कळसूबाईला. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्रातली सगळ्यात उंच जागा. आणि विरळ हवेचा त्रास साधारण २,५०० मीटरच्या वर सुरू होतो. याचा अर्थ, अख्ख्या महाराष्ट्रात असं एकही ठिकाण नाही जिथे हा आजार आपल्याला भेटेल. आपले पाय तयार होतात, छाती तयार होते, पण त्या हवेची ओळख होत नाही. बाबा म्हणतात, “सह्याद्रीतला पोरगा हिमालयात गेला की पहिल्या दिवशी सगळ्यांच्या पुढे असतो आणि दुसऱ्या दिवशी तंबूत डोकं धरून बसलेला असतो.”

बाबांनी पहिल्या दिवशी माझ्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा आला ९८. “आता खोल श्वास घे, हवा तेवढा घे.” मी दहा मिनिटं पोट फुगवून श्वास घेतला. आकडा ९९ झाला. बस. मला वाटलं मशीन बिघडलंय. बाबा म्हणाले, रक्तातला ऑक्सिजन वाहून नेणारा पदार्थ म्हणजे हिमोग्लोबिन, आणि लखनऊत तो आधीच जवळजवळ भरलेला असतो. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतून काय होणार? डोंगरावर हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तेवढंच असतं, शंभरात सुमारे २१ भाग. पण हवेचा दाब कमी असतो, म्हणून एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन कमी. साधारण ५,५०० मीटरवर दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो. केदारनाथला, ३,५८३ मीटरवर, तो सुमारे दोन तृतीयांश उरतो. तिथे हंडा रिकामा असतो आणि श्वास कसा घेता याने फरक पडतो.

मग त्यांनी पद्धती शिकवल्या. त्या सांगतो, कारण त्या खरोखर उपयोगी आहेत.

चढताना श्वास पावलांना बांधायचा. सोप्या चढाला दोन पावलं आत, दोन पावलं बाहेर. चढ वाढला की एक पाऊल आत, एक बाहेर. त्याहून उभा चढ आला तर पावलाच्या मध्ये क्षणभर थांबायचं, मागच्या पायाचा गुडघा सरळ करून सगळं वजन त्या हाडावर टाकायचं, म्हणजे तेवढा वेळ मांडीला आराम. श्वास सोडताना ओठ बारीक करून दिव्यावर मारतात तशी जोराची फुंकर मारायची. फुंकरीने छातीतला दाब वाढतो, जुनी हवा पुरती बाहेर पडते आणि पुढचा श्वास आपोआप खोल येतो. बसल्यावर हात पोटावर ठेवून सावकाश श्वास घ्यायचा, मिनिटाला सहाच्या आसपास. परदेशातल्या डॉक्टरांनी उंच पर्वतांवर माणसांना असा श्वास घ्यायला लावून मोजलं आहे. ऐंशीच्या आसपास असलेला आकडा नव्वदच्या जवळ गेला.

काय करायचं नाही हेही त्यांनी तितकंच बजावलं. श्वास रोखून धरायचा नाही, म्हणजे कुंभक तिथे बंद. कपालभाती, भस्त्रिका असं भराभरा काही करायचं नाही. त्याने बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि ते गरगरणं आजाराचं आहे की आपणच ओढवून घेतलेलं, हे कुणालाच कळत नाही.

“म्हणजे हे जमलं की उंचीचा त्रास होणार नाही?” मी विचारलं.

बाबा हसले नाहीत. त्यांनी आंबा खाली ठेवला. “होणार. श्वासाने चढ चढता येतो. उंचीची सवय मात्र दिवसांनी होते.”

याचं कारण त्यांनी पुढच्या दोन संध्याकाळी सांगितलं, आणि मला ते विज्ञानाच्या पुस्तकापेक्षा जास्त आवडलं. विरळ हवेत गेल्यावर शरीर आपण न सांगता जोरात श्वास घेऊ लागतं. त्याने कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो आणि रक्त थोडं अल्कधर्मी होतं. मेंदूला ते आवडत नाही. तो म्हणतो, पुरे, श्वास कमी करा. म्हणजे एकीकडे ऑक्सिजन कमी म्हणून ॲक्सिलरेटर आणि दुसरीकडे रक्त बिघडतंय म्हणून ब्रेक. हा ब्रेक सोडवायचं काम मूत्रपिंडं करतात. ती जादा बायकार्बोनेट लघवीतून बाहेर टाकतात. पण मूत्रपिंडं सरकारी कचेरीसारखी आहेत, घाई केली म्हणून काम लवकर होत नाही, काही दिवस लागतातच. (हे वाक्य बाबांचं आहे, माझं नाही.) डॉक्टर देतात ती डायमॉक्सची गोळी याच कामाला हात लावते, पण ती डॉक्टरांना विचारूनच घ्यायची.

फौजेने हा धडा फार किंमत मोजून शिकला. १९६२ च्या युद्धाच्या काळात मैदानातल्या जवानांना घाईने उंचावर न्यावं लागलं आणि कित्येक जण गोळी न लागता आजारी पडले. पुढे १९६९ साली इंदर सिंग आणि त्यांच्या सहकारी लष्करी डॉक्टरांनी अशा १,९२५ जवानांचा अभ्यास एका मोठ्या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात छापला. उंचीच्या आजारावर काम करणारे डॉक्टर तो आजही वाचतात. आता फौजेत नियम पक्का आहे. २,७०० ते ३,६०० मीटरपर्यंत सहा दिवस. त्यातले पहिले दोन दिवस नुसती विश्रांती, पुढचे दोन सपाटीवर सावकाश चालणं, शेवटचे दोन थोडा चढ. त्याच्या वर ४,५०० मीटरपर्यंत चार दिवस, आणि त्याच्याही वर आणखी चार. क्रॉस कंट्रीत पहिला येणारा जवान असो की शेवटचा, दिवस सगळ्यांना तेवढेच. तंदुरुस्त माणसाला सूट नाही, हे मला आधी अन्यायाचं वाटलं होतं.

मे महिन्याच्या अखेरीस आबा आणि आजी कोरेगावहून लखनऊला आले. आबा म्हणजे बाबांचे वडील. वय ६८. एस.टी.त चालक होते, बत्तीस वर्षं. महाबळेश्वरचा घाट त्यांनी इतक्या वेळा चढला-उतरला आहे की वळणं त्यांना झोपेतही सांगता येतात. निवृत्त झाल्यावर ते प्राणायाम शिकले आणि आता गावच्या देवळात पहाटे साडेपाचला वीस-पंचवीस जणांना शिकवतात. केदारनाथला जायचं हे त्यांचं फार दिवसांचं होतं. बाबांना सुट्टी नव्हती. आई, आबा, आजी आणि मी असे चौघं निघणार होतो.

बाबांनी कागदावर दिवस मांडून दिले. गुप्तकाशीत दोन रात्री, गौरीकुंडात एक, चढताना वाटेत लिनचोलीला एक, मग केदारनाथ. उत्तराखंड सरकारही यात्रेकरूंना साधारण असंच सांगतं. यात्रा किमान सात दिवसांची आखा, शरीराला सवय होऊ द्या, घरून निघण्याआधी रोज पाच-दहा मिनिटं श्वासाचे व्यायाम करा आणि वीस-तीस मिनिटं चाला. आबांनी ती सूचना चष्मा लावून वाचली आणि श्वासाच्या व्यायामावर बोट ठेवलं. “हे बघ, सरकार बी तेच म्हणतंय.” सात दिवसांची ओळ त्याच कागदावर वरती होती.

हरिद्वारला गाडी ठरवली तेव्हा तो कागद तिथेच संपला. गाडीवाला म्हणाला, एवढे दिवस कोण घालवतं, सगळे दोन दिवसांत जाऊन येतात. परतीचं रेल्वेचं आरक्षण पण जवळचं होतं. आईने दोनदा सांगून पाहिलं. आबा म्हणाले, “माझ्या श्वासाची काळजी करू नका. मी रोज पाऊण तास करतोय.” सासऱ्यांपुढे तिसऱ्यांदा कसं बोलायचं, हा आईचा प्रश्न होता. गुप्तकाशीत एकच रात्र राहिलो, सोनप्रयागच्या रांगेत अर्धी रात्र गेली, आणि पहाटे गौरीकुंडाहून चालायला लागलो. गौरीकुंड १,९८० मीटरच्या आसपास आहे. म्हणजे एका दिवसात १,६०० मीटर चढायचे होते. आजी आणि आई घोड्यावर बसल्या. आबा म्हणाले, देवाला चालतच जायचं.

मी त्यांना बाबांची पावलांची पद्धत सांगितली. त्यांनी ती लगेच घेतली, पण आपल्या पद्धतीने. “राम कृष्ण” म्हणताना श्वास आत, “हरी” म्हणताना फुंकर. घाट चढताना गिअर खाली टाकायचा, इंजिनाला कण्हायला लावायचं नाही, असं ते म्हणत होते. खरं सांगतो, ते सुरेख चालत होते. २०१३ च्या पुरात रामबाड्याची जुनी वाट वाहून गेली, आता वाट मंदाकिनीच्या दुसऱ्या काठाने वर जाते आणि शेवटचा चढ फार उभा आहे. तिथे आमच्याहून तरुण पोरं भराभर पुढे जात होती आणि दर वळणावर बसून धापा टाकत होती. आबा न थांबता एकाच चालीने त्यांच्या बाजूने निघून जात. एका मुलाने त्यांचा व्हिडिओ काढला. मला त्यांचा अभिमान वाटत होता. दुपारी चारच्या सुमाराला आम्ही वर पोचलो. आबांनी बोटाला मशीन लावून घेतलं. ८४. डॉक्टर त्या उंचीवर हा आकडा धोक्याचा मानत नाहीत, असं बाबांनी आधीच सांगितलं होतं. माझा ८७ होता.

उंचीच्या आजाराची लबाडी अशी की तो चढताना येत नाही. तो पोचल्यावर काही तासांनी येतो, कधी दुसऱ्या दिवशी. तोवर माणसाने स्वतःची पाठ थोपटून घेतलेली असते.

सहा वाजता आबांचं डोकं दुखायला लागलं. चहा उलटून पडला. थोडा खोकला होता. ते म्हणाले थंडी आहे, आणि रजया घेऊन तंबूत पडले. सकाळी लवकर रांगेत लागायचं होतं. आई आजीसाठी गरम पाणी आणायला गेली होती आणि मी आबांजवळ बसलो होतो. त्यांचा श्वास विचित्र चालला होता. भराभर चार-पाच श्वास, मग हळूहळू उथळ, आणि मग बंद. मी आकडे मोजले. बाबांनी सांगितलेलं आठवलं, की उंचावर झोपेत श्वास असा थांबून थांबून येतो, बऱ्याच धडधाकट माणसांचाही येतो, त्याने घाबरायचं नाही. तरी अकरापर्यंत मोजून होईतो माझ्या पोटात गोळा आला. बाराव्या आकड्याला त्यांनी धाप टाकून हवा घेतली. मशीन लावलं. ७२.

मी त्यांना उठवलं. ते उठून बसले, नुसतं बसण्यानेही त्यांना धाप लागली होती. मी आकडा दाखवला. ते म्हणाले, “थांब.” मांडी घातली, डोळे मिटले, हात पोटावर. एक लांब श्वास. आणखी एक. मी आकडा बघत होतो. ७४, ७८, ८१, ८५, ८७. मला विश्वास बसत नव्हता. लखनऊत जे दहा मिनिटांत एका आकड्याने हललं होतं, ते इथे दोन मिनिटांत पंधराने वर गेलं. आबांनी डोळे उघडले. “बघितलंस? हाय का काय मला?”

आई आत आली तेव्हा आकडा ८७ च होता. ती निःश्वास सोडून म्हणाली, मग बरंय. मी म्हटलं, तरी आपण वैद्यकीय केंद्रात दाखवून येऊ. आबांना ते पटलं नाही. आजीने मात्र शाल उचलली आणि म्हणाली, “पोराचं मन राखायला तरी चला.” त्यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

केंद्रात गर्दी होती. डॉक्टर तरुण होते, कानटोपी घातलेली, आवाज बसलेला. त्यांनी आबांच्या बोटाला मशीन लावलं आणि दुसऱ्या रुग्णाकडे वळले. मी पाहिलं, आबांनी पुन्हा डोळे अर्धे मिटले होते. पोट सावकाश वर-खाली होत होतं. डॉक्टर परत आले, आकडा पाहिला. ८६. ते वहीत लिहायला लागले.

इथे मला एक गोष्ट सांगायची आहे, जी घरी बसलेल्या पालकांना कदाचित कळणार नाही, पण हाऊसमधल्या प्रत्येकाला कळेल. आपल्याकडे चुगली करणाऱ्याला कुणी जवळ करत नाही. कुणी लाईट्स आउटनंतर जागा असला तर ते बघायचं काम वॉर्डनचं, आपलं नाही. आणि इथे तर समोर आबा होते, ज्यांच्या पुढे माझे बाबासुद्धा आवाज चढवत नाहीत. ते खोटंही बोलत नव्हते. तो श्वास त्यांचाच होता, तो आकडाही त्यांचाच होता. फक्त तो आकडा दोन मिनिटांचा होता आणि रात्र दहा तासांची. झोपल्यावर प्राणायाम कोण करणार?

मी म्हटलं, “डॉक्टरसाब, मशीन रहने दीजिए. इनसे दो मिनट बात कीजिए.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग आबांकडे. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “बाबाजी, कहाँ से आए हैं?”

आबांना हिंदीत बोलायला फार आवडतं. एस.टी.तली हिंदी. “हम सातारा जिल्हे से आया. बत्तीस साल गाडी चलाया, एक भी ॲक्सिडेंट नहीं किया.” मग घाट, मग गाव, मग नातू मिलिटरीच्या शाळेत आहे. मधेच त्यांना वाक्य तोडून हवा घ्यावी लागत होती. आकडा ८६ वरून ८३, ८०, ७७. आबा बोलतच होते. ७५ वर डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला आणि पाठीवर एकाच जागी बराच वेळ ठेवला. मग त्यांना जमिनीवरच्या फरशीच्या रेषेवर टाच-बोटं जुळवून चालायला सांगितलं. ते नीट चालले. डॉक्टर म्हणाले, डोकं ठीक आहे, पण फुप्फुसात खाली पाणी धरायला लागल्याचा आवाज येतोय. आकड्यावर मी जात नाही, इथे कितीतरी लोक ८० वर हिंडतात. पण बसल्या जागी धाप, खोकला, उलटी आणि हा आकडा, हे सगळं एकत्र मला नको आहे. रात्री उतरणं धोक्याचं, म्हणून रात्रभर ऑक्सिजन लावतो. उजाडताच खाली. रांगेत उभं राहायचं नाही.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. “तू माझ्या बाजूचा का त्यांच्या रं?”

मला उत्तर देता आलं नाही. त्यांच्या तोंडावर मास्क लावला तेव्हा मी बाहेर येऊन उभा राहिलो. थंडीने नाक दुखत होतं. आजी बाहेर आली, काही बोलली नाही, माझी कानटोपी खाली ओढून कान झाकले आणि परत आत गेली. आई रात्रभर त्यांच्याजवळ बसली.

सकाळी ढग खाली होते, हेलिकॉप्टर उडत नव्हती. चार नेपाळी भावांनी आबांना दंडीत बसवलं. आबांना कुणी खांद्यावरून नेणं मुळीच मान्य नव्हतं, पण डॉक्टरांनी चालायला साफ मनाई केली होती. निघताना ढग थोडे सरकले आणि देवळाचा कळस दिसला, मागे बर्फ. आजीने हात जोडले. “कळस दिसला. पंढरीला कळस दिसला की पोचलं म्हणतात. झालं दर्शन.” आबांनी हात जोडले, पण तोंड वळवून घेतलं. अडुसष्टाव्या वर्षी दोन हजार किलोमीटर येऊन शेवटच्या अर्ध्या किलोमीटरवरून परत फिरणं काय असतं, हे मला पंधराव्या वर्षी कळतंय असं मी म्हणणार नाही.

ते खाली उतरताना मी दंडीच्या मागे चालत होतो आणि मनात मीटर मोजत होतो. लिनचोलीच्या खाली त्यांनी पाणी मागितलं. भीमबलीला डोकं थांबल्याचं आईला सांगितलं, मला नाही. औषध बदललं नव्हतं, श्वासाची पद्धत बदलली नव्हती, फक्त उंची बदलली होती. संध्याकाळी गुप्तकाशीत त्यांनी डाळभात खाल्ला, वर भात मागून घेतला. तिथल्या डॉक्टरांनी पुन्हा छाती तपासली आणि दोन दिवस विश्रांती सांगितली. परतीचं आरक्षण रद्द झालं. ज्या आरक्षणासाठी दिवस कापले होते तेच.

त्या दोन दिवसांत आबा माझ्याशी कामापुरतंच बोलले. बाबांचा फोन आला तेव्हा त्यांनी फोन घेऊन लांब जाऊन बोलणं केलं. काय बोलले ते मला अजून माहीत नाही. बाबांनी नंतर मला एवढंच विचारलं, की टाच-बोटं जुळवून किती पावलं चालले होते. मी सांगितलं, दहा. ते म्हणाले, “बरं.”

लखनऊला परत आलो त्या रात्री उकडत होतं, वीज गेली होती. आम्ही गच्चीवर झोपलो. आबांनी हाक मारली, “ते तुझं मशीन आण.” मी आणलं. त्यांनी बोट पुढे केलं आणि मी बटण दाबायच्या आत बोलायला सुरुवात केली. पसरणीच्या घाटात एकदा धुक्यात समोरून ट्रक आला होता ती गोष्ट, मी लहानपणापासून ऐकत आलोय ती. ते मुद्दाम न थांबता बोलत होते. आकडा ९७ वर आला आणि तिथेच राहिला. त्यांनी गोष्ट पुरी केली, मग बोट काढून घेतलं आणि विचारलं, पुढच्या वर्षी शाळेला सुट्टी कधी लागते, सात दिवस धरून जायला तिकीट आत्ताच काढावं लागेल का.